जैसेथे बाईंचं घर

नाट्यगृहात तिला नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे तिला जैसेथे बाई म्हणत आणि घाईत असले की नुसतंच जैसेथे. तिचं कामच ते होतं. रंगमंचावरचं नाटक कॅमेऱ्यासमोर तुकड्यातुकड्याने चित्रित करायचं असलं, की सोमवारी अर्धवट राहिलेला प्रसंग बुधवारी पुढे सुरू होतो. मधल्या दिवसात कोणीतरी खुर्ची सरकवलेली असते, नटाने केस कापलेले असतात, ग्लासातलं पाणी बोटभर आटलेलं असतं. पडद्यावर मात्र मधे क्षणही गेलेला चालत नाही. तो गेलेला दिवस बुजवणं, ही तिची नोकरी. चौकटीची वही, झटपट फोटो काढणारा कॅमेरा आणि खिशात सहा इंचांची पट्टी, एवढ्यावर तिने ती सव्वीस वर्षं केली. वय चोपन्न. चष्मा नाही. याचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवत नसे.

त्या वर्षीचं नाटक युद्धकाळातलं होतं. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा एक भाविक ख्रिस्ती माणूस आणि त्याची बायको एका ज्यू दंतवैद्याला आणि त्याच्या मुलीला दोन वर्षं फडताळामागे लपवून ठेवतात, अशी गोष्ट. या नाटक मंडळीचं त्या धर्तीचं हे तिसरं नाटक. पहिल्यात शेतकरी कुटुंब होतं, दुसऱ्यात कॉन्व्हेंटमधल्या नन. चित्रित केलेली ही नाटकं शाळाशाळांतून दाखवली जात, पोरं रडत, शिक्षक खूष होत. तिन्हींत झडतीचा प्रसंग होता आणि तिन्हींत झडतीचा अधिकारी एकच नट करायचा. प्रत्यक्षात तो पालीला भिणारा माणूस होता.

"जैसेथे, मागच्या वेळी मी पाव किती खाल्ला होता गं?" ऑर्गनवाल्याचं काम करणारा नट एकदा ताटावर बसून विचारत होता.

"अडीच घास. डाव्या बाजूने."

"आणि मनात काय चाललं होतं माझ्या?"

"ते माझ्या वहीत येत नाही. पाव उचला."

तिची ही मोजामोज मंडळीतल्या एकाच माणसाला हसू येण्यासारखी वाटत नसे. तो म्हणजे कपडेपटाचा शिंपी. सगळे त्याला मास्तर म्हणत. साठीचा, सव्वापाच फुटांचा, हलका माणूस. नाटकात ऑर्गनवाल्याची बायको दंतवैद्याच्या कोटावरचा, ज्यूंना सक्तीने लावायला लागणारा पिवळा तारा कात्रीने उसवते. म्हणजे प्रत्येक वेळी तो प्रसंग घेतला, की तारा पुन्हा शिवायचा. मास्तर तो बरोबर बावीस टाक्यांत शिवत, कारण जैसेथे मोजायची. पंधरा वेळा उसवला, पंधरा वेळा शिवला. सोळाव्या वेळी मास्तरांनी तेवीस घातले. तिने कोट परत पाठवला. मास्तर स्वतः घेऊन आले. "बघत होतो, ताई. कोणी खरंच मोजतं का, एवढंच बघायचं होतं." त्या दिवसापासून दोघं दुपारचा डबा एकत्र खायला लागली.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला सरकारने यादी लावली. साठ वर्षांपूर्वी सीमेपलीकडून आलेल्या कुटुंबांचे कागद एका सहीने रद्द झाले. यादीत नाव असलेल्याने महिन्याच्या आत रेल्वे यार्डामागच्या छावणीत हजर व्हायचं. अशा माणसाला घरात ठेवणं हा गुन्हा. मास्तर आईच्या कडेवर बसून सीमा ओलांडून आले होते. यादीत त्यांचं नाव तिसऱ्या पानावर होतं. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाने हजेरीपटावर त्यांच्यापुढे "रजा" असं लिहिलं. त्या शब्दाने सगळ्यांचीच सोय झाली. झडतीचे प्रसंग पुढच्या आठवड्यात घ्यायचे होते. ते ठरल्याप्रमाणे घेतले गेले.

रविवारी दुपारी तीन वाजता मास्तर तिच्या दारात उभे होते. हातात काहीच नव्हतं, पिशवीसुद्धा नाही.

"ताई, पाणी प्यायला आलो होतो," ते म्हणाले. पाणी प्याले. मग उठले नाहीत.

तिचा नवरा पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायला होता. गल्लीत सगळे त्याला मीटरवाले म्हणत. बोलघेवडा माणूस, तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरात जिन्याखाली आणि मोरीत वाकून आकडे टिपलेला. त्याने मास्तरांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि उठून दाराला आतून कडी घातली. त्या घरात यापेक्षा जास्त चर्चा झाली नाही.

चर्चा झाली ती कुठे ठेवायचं यावर.

"फडताळामागे," नवरा म्हणाला.

"अहो, नाटकातलं फडताळ सगळ्या शाळा बघणार आहेत. पहिलं तेच उघडतील."

घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. न्हाणीघराच्या वर छताला लागून जुनी लोखंडी टाकी होती. गच्चीवर सिमेंटची टाकी झाल्यापासून, म्हणजे आठ वर्षं, ती कोरडी होती. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत आणि ती माळ्यापर्यंतच. त्यामुळे स्वयंपाकघराच्या माळ्यावर चढून ट्रंक बाजूला केली, की टाकीची मागची बाजू हाताला लागायची. नवऱ्याने दोन दुपारी करवतीने तो पत्रा कापला आणि आतून बिजागऱ्या लावल्या. पुढून, न्हाणीघरातून पाहिलं तर गंज चढलेली टाकी, तिला जोडलेला पाइप, पाइपाला जाम झालेला नळ. सगळं वर्षानुवर्षांचं.

"सहाशे लिटरची आहे, मास्तर," तो म्हणाला. "तुम्ही बसलात तरी पाचशे शिल्लक राहतात."

"भाऊजी, झाकण मात्र लावू नका हं. माणूस मुरायचा."

दिवसा मास्तर आतल्या खोलीत असत. दाराची घंटा वाजली, की स्वयंपाकघरातलं स्टूल, माळा, ट्रंक, टाकी. त्यांना एक मिनिट दहा सेकंद लागत. तिने घड्याळ लावून मोजलं होतं आणि पन्नास सेकंदांवर आणलं होतं.

नाट्यगृहात मास्तरांच्या जागी आलेल्या मुलीला तारा नीट शिवता येत नव्हता. जैसेथे दोनदा तो कोट पिशवीत घालून घरी घेऊन आली आणि मास्तरांनी टाकीत बसून, बॅटरीच्या उजेडात, बावीस टाके घातले. नवऱ्याला हे कळलं तेव्हा तो पहिल्यांदाच तिच्यावर ओरडला. "अगं, रस्त्यात पिशवी तपासली असती तर?" ती म्हणाली, "तपासली असती तर नाटकाचा कोट निघाला असता. शिक्का आहे आतून मंडळीचा." तिचं म्हणणं खरं होतं, पण ते उत्तर नव्हतं.

पहिली तपासणी दहाव्या दिवशी झाली. मंगळवार, सकाळचे अकरा. चित्रीकरण आठवड्यातून चारच दिवस असे, म्हणून ती घरी होती. घंटा वाजली, पन्नास सेकंद गेले, तिने दार उघडलं. दोन माणसं होती. एक पन्नाशीचा, बूट दाराबाहेर काढून ठेवणारा. दुसरा त्याला 'साहेब' म्हणत होता. हा दुसरा तरुण होता, त्याच्या गळ्यात कॅमेरा. साहेबांनी कपाटं उघडली, पलंगाखाली पाहिलं, न्हाणीघरात डोकावून वर टाकीकडेही पाहिलं. तरुणाने प्रत्येक खोलीचा उंबऱ्यावर उभं राहून एकेक फोटो काढला.

"नोंदीसाठी," साहेब म्हणाले. "पुन्हा येऊ तेव्हा जुळवून बघतो. लोक माणसं लपवतात, पण माणसाबरोबर सामान वाढतं. कप वाढतो, चप्पल वाढते."

तरुण प्रत्येक खोलीत एकाच उंचीवर कॅमेरा धरत होता, दाराच्या डाव्या चौकटीला खांदा टेकवून, म्हणजे पुढच्या वेळी तीच जागा सापडावी. ती सव्वीस वर्षं तेच करत आली होती. तिच्या मनात आलं, पोराचा हात चांगला आहे.

ते जिना उतरल्यावर सात मिनिटांत तिने सगळ्या खोल्या वहीत उतरवल्या. प्रत्येक उंबऱ्यावर, त्याच चौकटीला खांदा टेकवून. खुर्चीवर वर्तमानपत्र, शब्दकोड्याची बाजू वर, त्यावर नवऱ्याचा जुना चष्मा, डावी काडी मिटलेली. खिडकीचा अर्धा पडदा. ओट्यावर दोन कप पालथे, एकाचा कान भिंतीकडे. खोकल्याच्या औषधाची बाटली, औषध लेबलवरच्या दुसऱ्या ओळीपर्यंत. न्हाणीघरात साबण, अंगठ्याएवढा झिजलेला. दोरीवर निळा टॉवेल, एक तृतीयांश पुढे.

तिचा हिशोब सरळ होता. त्यांच्याकडे फोटो आहेत. ते पुन्हा येतील आणि फोटो घेऊन उभे राहतील. घरात तिसरा माणूस वावरतोय, तो खुर्ची सरकवणार, कप जास्त लागणार, साबण लवकर संपणार. तेव्हा फोटोत जे होतं तेच पुन्हा दिसलं पाहिजे. कोणताही फरक म्हणजे प्रश्न. तिच्या धंद्यात याला दुसरा अर्थच नव्हता.

तिथून पुढे रोज सकाळी साडेनऊला घर लागायचं, जसा पडदा वर जाण्याआधी रंगमंच लागतो. ती काही बावळट नव्हती. वर्तमानपत्र रोज ताजं असायचं, कॅलेंडरचं पान उलटायचं. पण घडी तीच, कोडं वर, चष्मा वर, काडी मिटलेली. साबण संपला की ती नवी वडी सुरीने तासून अंगठ्याएवढी झीज पाडायची. औषध नवऱ्याने घेतलं, की बाटलीत साखरेचा पाक दुसऱ्या ओळीपर्यंत.

"मी म्हातारा झालेला चालेल ना तुला?" नवरा म्हणायचा. "की मागच्या फोटोसारखंच राहायचं?"

"तुमचा फोटो काढलेला नाही त्यांनी."

"हुश्श. सुटलो."

मास्तर एकदा आतल्या खोलीच्या दारात उभे राहून बराच वेळ त्या खुर्चीकडे बघत होते. "ताई, लहान तोंडी मोठा घास घेतो. नवा कोट असतो ना, त्याला एक तरी सुरकुती लागते. नाहीतर तो भाड्याने आणलेला दिसतो."

"सुरकुत्या आहेत. मोजलेल्या आहेत."

मास्तर आत वळले. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या जिवावर राहणाऱ्या माणसाने किती बोलावं, याचं माप त्यांनी घेतलेलं होतं.

साहेब पुन्हा आले ते तेवीस दिवसांनी, गुरुवारी, पुन्हा अकरालाच. या वेळी काहीच उघडलं नाही. तरुणाने लिफाफ्यातून फोटो काढून दिले आणि साहेब प्रत्येक उंबऱ्यावर फोटो हातात धरून उभे राहिले. एकदा फोटोकडे, एकदा खोलीकडे. न्हाणीघरात जरा जास्त वेळ लागला. टाकीकडे नाही, खाली बघत होते. साबणाकडे.

"काम काय करता म्हणालात, बाई?"

तिने सांगितलं.

"अरे वा. तुमचं ते ननचं नाटक आम्ही पाहिलंय. मुलीच्या शाळेत दाखवलं होतं. आमची ही तर रडरड रडली." त्यांनी फोटो लिफाफ्यात घातले. "सगळं जुळतंय." मग बूट घालताना, वाकलेले असतानाच, पुन्हा म्हणाले, "सगळं जुळतंय."

संध्याकाळी नवरा कामावरून आल्यावर तिघं जेवायला बसली. तिने त्याला सगळं सांगितलं. आवाजात जराशी ऐट होती. अशी ऐट ती नाट्यगृहात एखादा अवघड प्रसंग बेमालूम जुळला की दाखवायची. नवऱ्याचा घास हातातच राहिला.

"जुळतंय म्हणाला? दोनदा?"

"दोनदा."

"अगं, मी तीस वर्षं लोकांच्या घरात जातोय. एकेका घरात शंभर वेळा गेलो असेन. दोनदा सारखं दिसलेलं घर मी एकही पाहिलेलं नाही. वेडी म्हातारी एकटी राहते ना, तिच्याकडेसुद्धा निदान मांजर जागा बदलतं." त्याने ताट पुढे सरकवलं. "तेवीस दिवसांत औषधाची बाटली एक ओळ खाली गेली नाही आणि मी खोकतोय कुत्र्यासारखा. तो काय आंधळा आहे?"

तिला ते कळायला वेळ लागला नाही, आणि कळल्यावर तिचा चेहरा कसा झाला हे मास्तरांनी पाहिलं. ते म्हणाले, "ताई, जेवा आधी. कोट बिघडला म्हणून कोणी उपाशी राहत नाही."

त्याच रात्री जेवणं उरकायच्या आत ठरलं, मास्तरांना हलवायचं. चित्रीकरण शनिवारी संपत होतं. सोमवारी दुपारी बारा वाजता कपडेपटाच्या, माणूस मावेल अशा मोठ्या वेताच्या टोपल्या टेंपोतून बंदराच्या गावी मंडळीच्या गोदामात जायच्या होत्या. टेंपोचा ड्रायव्हर मास्तरांना पंधरा वर्षं ओळखत होता. नवऱ्याने त्याला शुक्रवारी गाठलं. त्याने एकच विचारलं, "कुठली टोपली? वरची की खालची?" बंदरात मास्तरांचा मावसभाऊ बोटीवर खलाशी होता. तिथून पुढे त्याने बघायचं होतं.

सोमवारपर्यंत चार दिवस काढायचे होते. रविवारी नवऱ्याने तिला घर विस्कटायला लावलं. तिला ते जमेना. तिने वर्तमानपत्र जमिनीवर टाकलं, दोन पावलं मागे सरली, पाहिलं आणि पायाच्या अंगठ्याने ते थोडं तिरकं केलं.

"हे बघा, भाऊजी," मास्तर म्हणाले, "पसारासुद्धा बसवतायत."

तिघंही हसली. त्या घरातलं तिघांचं ते शेवटचं हसणं.

सोमवारी सकाळी नवरा नऊला बाहेर पडला. टेंपोबरोबर बाराला यायचं, रिकामी टोपली जुने पडदे न्यायच्या निमित्ताने वर आणायची, भरलेली खाली न्यायची. दहा वाजून पाच मिनिटांनी घंटा वाजली. मास्तर माळ्यावर गेले. पन्नास सेकंद. दारात साहेब एकटेच होते, बगलेत लिफाफा. बूट काढून आत आले, जेवणाच्या टेबलाशी बसले. खोलीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"आज तपासणी नाही, बाई. जरा कामाचा सल्ला पाहिजे. तुमच्यासारखी नजर आमच्याकडे कोणाला नाही."

त्यांनी दोन फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एका घरातली खोली. पलंग, मेज, भिंतीला आरसा, खिडकी.

"एकटा राहणारा माणूस आहे. चांगला सहा फूट उंच. हा फोटो पहिल्या वेळचा, हा दुसऱ्या वेळचा. माझ्या पोरांना काही फरक दिसत नाही. तुम्ही बघा."

तिला बघावं लागलं नाही. आरसा वीतभर खाली आला होता. वर जुन्या खिळ्याचं भोक होतं, फोटोत पिनेच्या टोकाएवढं. सहा फुटांच्या माणसाने स्वतःसाठी आरसा खाली आणला नव्हता. त्या खोलीत कोणीतरी बुटकं राहायला आलं होतं, आणि बहुतेक बाई होती. हे सगळं कळायला तिला एक श्वास लागला. तेवढ्यात तिचा उजवा हात टेबलावरून उचलला गेला, तर्जनी पुढे, जशी सव्वीस वर्षं जात आली तशी. ती तिने मधेच वळवली आणि कपाळावरचे केस मागे सारले.

बोललं, तर त्या घरातलं माणूस जाणार. न बोललं, तर वर टाकीत बसलेल्या माणसाचं काय होईल, हे तिला नक्की माहीत नव्हतं. बाराला अजून पावणेदोन तास होते.

"घड्याळात वेगळे वाजलेत," ती म्हणाली. "आणि उजेड दुसऱ्या बाजूचा आहे. बाकी काही नाही."

"नीट बघा. घाई नाही."

"बघितलं. जुळतंय."

जुळत नसलेल्या गोष्टीला जुळतंय म्हणण्याची ही तिची पहिली वेळ होती.

साहेबांनी दुसरा फोटो उचलला आणि उलटा करून तिच्यापुढे ठेवला. मागे निळ्या शाईत तारीख होती, दोन आठवड्यांपूर्वीची. खाली लिहिलं होतं: दोन बायका, मायलेकी, मेजाखालच्या फरशीखाली.

"त्या केव्हाच छावणीत आहेत," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "खरं सांगतो, तुमचं घर बघून आधी मला वाटलं, बाई आजारी आहे. मग वाटलं, नाही, धंद्याचीच खोड आहे, घरातसुद्धा सुटत नाही. असतात अशी माणसं. माझा एक मेहुणा घड्याळजी आहे, तो लग्नात जेवतानासुद्धा घास मोजतो. म्हटलं, विचारून बघू. आरसा दिसला असं तुम्ही म्हणाला असतात ना, तर मी हा लिफाफा उचलून निघालो असतो. पुन्हा या जिन्यावर आलो नसतो." त्यांनी दोन्ही फोटो एकावर एक ठेवून कडा जुळवल्या. "बोट तर निघालं होतं तुमचं."

त्यांनी खिडकीतून खाली हाक मारली. तरुण आणि आणखी तिघं वर आले. त्यांनी आतल्या खोलीपासून सुरुवात केली, मग फरशा ठोकल्या. तिला खुर्चीवरून उठायची परवानगी नव्हती. अर्ध्या तासाने एकजण न्हाणीघरात लोखंडी पहार घेऊन गेला, तेव्हा वरून आवाज आला.

"थांबा, थांबा. उतरतो."

मास्तर माळ्यावरून खाली आले. गुडघे सरळ होत नव्हते, म्हणून तरुणाने हात दिला. मास्तरांनी त्याचे आभार मानले. मग साहेबांकडे वळून, मोठ्याने आणि सावकाश, ते म्हणाले, "पत्रा मीच कापला. मी इथे दिवसा असायचो, यांचे यजमान कामावर गेले की यायचो आणि ते परतायच्या आत जायचो. त्यांनी मला कधी पाहिलेलंसुद्धा नाही."

हे वाक्य साहेबांसाठी नव्हतं. जैसेथेने ते ऐकलं आणि मान खाली घातली.

बारा वाजता टेंपो गल्लीच्या तोंडाशी आला. ड्रायव्हरला जीप दिसली, त्याने वेग कमी न करता गाडी सरळ पुढे काढली. नवरा आधीच्या चौकात उतरला होता. तो खांद्याला मीटरच्या वहीची पिशवी लावून चालत आला आणि जिना चढला. दार उघडं होतं. खोलीत साहेब आणि त्यांची चार माणसं, बायको खुर्चीवर, आणि भिंतीला टेकून मास्तर, हातात बेड्या. या माणसाबरोबर तो सदतीस दिवस एका टेबलाशी जेवला होता.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, तुम्ही यांना ओळखत नाही."

"हे कोण?" त्याने विचारलं.

तिघांना तीन गाड्यांतून नेलं. पुढचे चार दिवस जैसेथेला आणि मास्तरांना वेगवेगळ्या इमारतीत ठेवून जबाब घेतले गेले. तिचे पाच, त्यांचे चार. पहिल्यांदा आले तो वार, त्या दिवशीचं ऊन, कोणत्या जिन्यातून, करवत कुठली, कितीला यायचे, कितीला जायचे, नवरा सुट्टीच्या दिवशी घरी असायचा तेव्हा काय करायचे. तिच्याकडे धरायला मास्तरांचं ते एकच वाक्य होतं. त्यावर तिने सदतीस दिवस उभे केले, आणि त्यातल्या एकाही दिवशी नवरा मधे आला नाही. मास्तर काय सांगतील, याचा अंदाज तिने ते कसे विचार करतात त्यावरून बांधला. तिकडे मास्तरांनीही तेच केलं. दोघांनी करवत बाजारातल्या एकाच दुकानातून आणली. दोघांच्याही जबाबात मास्तर रोज चार वाजून दहा मिनिटांनी निघत. साहेबांनी नऊ जबाब समोर पसरले, दोन दिवस बघितले. इतके जुळणारे जबाब खरे नसतात, हे त्यांना माहीत होतं. पण त्यांच्या वरच्या साहेबाला ते माहीत नव्हतं, आणि त्याला फाइल बंद करायची होती. पाचव्या दिवशी नवऱ्याला सोडलं.

तिला चार वर्षांची शिक्षा झाली. नाटक ठरल्या वेळी शाळांत लागलं. श्रेयनामावलीत ती नव्हती, मास्तरही नव्हते.

नवरा अजून मीटर वाचतो. दर मंगळवारी अर्धा दिवस रजा टाकून तो रेल्वे यार्डासमोरच्या कचेरीत जातो. कैद्यांची आणि छावणीतल्यांची चौकशी एकाच खिडकीवर होते. रांग लांब असते, लोक डबे घेऊन उभे असतात. छावणीतून गाड्या कुठे जातात, कोण गेलं, कोण राहिलं, याची यादी आत कारकुनाच्या टेबलावर पडलेली असते. खिडकीतून ती दिसते, पण वाचता येत नाही. चष्मा लावूनही नाही. नाव विचारलं तर कारकून बोट फिरवून सांगतो. पण विचारणाऱ्याला आधी आपलं नातं किंवा ओळख लिहून द्यावी लागते, आणि मीटरवाल्याने त्या माणसाला कधी पाहिलेलंच नाही, हे नऊ जबाबांत सहीनिशी नोंदलेलं आहे.

"कोणाची चौकशी?" कारकून विचारतो.

"बायकोची."

"आणखी कोणी?"

मीटरवाले खिडकीच्या कडेला हात ठेवून त्या यादीकडे बघत राहतात. मागचा माणूस म्हणतो, "अहो, सरका की पुढे."

"नाही," ते म्हणतात. "आणखी कोणी नाही."